माहितीच्या कोठाराचे दार कोणत्या यंत्रासाठी उघडावे?

२३ जून २०२१ च्या सुमारास जगाच्या वेगवेगळ्या भागांतील अनेक ग्राहकांना आपल्या घरातील वा कार्यालयातील एक लहानशी पेटी अचानक रिकामी झाल्याचे आढळून आले. 'वेस्टर्न डिजिटल' या अमेरिकी कंपनीची 'माय बुक लाइव्ह' नावाची, जाड पुस्तकाच्या आकाराची ही पेटी म्हणजे घरातील सर्व संगणकांना मिळून वापरता येईल असा माहितीचा साठा. कोणाची वर्षानुवर्षांची छायाचित्रे त्यात होती, कोणाचे हिशेब, कोणाचा प्रबंध. दूरवरून कोणीतरी दिलेल्या आज्ञेने पेटी कारखान्यातून निघाली त्या मूळ स्थितीला गेली आणि आतील सारे पुसले गेले. 'पेटीची इंटरनेटची तार ताबडतोब काढा', एवढाच सल्ला त्या दिवशी कंपनीला देता आला.

पुढे झालेल्या तपासात जे उघड झाले, ते अधिक विचार करायला लावणारे होते. पेटी मूळ स्थितीला नेण्यापूर्वी पासवर्ड विचारणाऱ्या ओळी तिच्या आज्ञावलीत लिहिलेल्या होत्या. परंतु त्या निष्क्रिय करून ठेवल्या होत्या. २०११ मध्ये झालेल्या एका फेररचनेत ही त्रुटी शिरली होती. शिवाय २०१८ मध्ये उजेडात आलेली दुसरी एक त्रुटी तशीच होती, कारण या उपकरणांना शेवटची सुधारणा २०१५ मध्ये मिळाली होती. पासवर्ड कितीही अवघड ठेवला असता, तरी या प्रकारात त्याचा उपयोग झाला नसता, कारण तो कोणी विचारलाच नाही. वाचली असती ती फक्त अशी पेटी, जिच्या दारापर्यंत परक्या यंत्राला पोहोचताच आले नसते.

साठ्यापर्यंत कोणत्या यंत्राने पोहोचावे आणि कोणत्या यंत्राला मुळातच दार दिसू नये, हा प्रश्न संगणकव्यवस्थापकांच्या पुस्तकात फार जुना आहे. तो आता दोन-चार संगणकांच्या कार्यालयांपर्यंत, पॅथॉलॉजी प्रयोगशाळांपर्यंत आणि छायाचित्रकारांच्या स्टुडिओंपर्यंत येऊन ठेपला आहे.

माणूस वेगळा, यंत्र वेगळे

नेटवर्कवरील साठवणुकीचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला 'नॅस', म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. यात साठवणारी पेटी फोल्डर आणि फाइली दाखवते आणि संगणक त्या मागून घेतो. दुसरा 'सॅन', म्हणजे स्टोरेज एरिया नेटवर्क. यात पेटी फाइल दाखवत नाही. ती कच्च्या डिस्कचा एक तुकडाच दूरच्या सर्व्हरला देऊन टाकते आणि तो सर्व्हर त्या तुकड्याला स्वतःच्या पोटातील डिस्क समजून वापरतो. रुग्णालये, बँका आणि मोठ्या कंपन्यांत दोन्ही नांदतात. लहान कार्यालयांत बहुधा नॅसच असते.

दोन्हींकडे प्रवेशाचे दोन स्वतंत्र प्रश्न असतात. पासवर्ड हे माणसाच्या ओळखीचे साधन आहे. पण तो माणूस कोणत्या यंत्रावर बसला आहे, याबद्दल पासवर्ड काहीच सांगत नाही. लेखापालाने कार्यालयातील संगणकावरून हिशेबाचे फोल्डर उघडणे आणि तेच फोल्डर मुलांच्या खेळांनी भरलेल्या घरच्या लॅपटॉपवरून उघडणे, यांत पेटीच्या दृष्टीने काडीचाही फरक नसतो. खंडणीखोर आज्ञावली, म्हणजे रॅन्समवेअर, नेमका याच अंधत्वाचा लाभ उठवते. ती पासवर्ड फोडत बसत नाही. अधिकृत माणसाच्या यंत्रात शिरते आणि त्याच्याच अधिकाराने साठ्यातील फाइली कुलूपबंद करते. म्हणून 'कोण' या प्रश्नाच्या आधी 'कोठून' हा प्रश्न विचारावा लागतो.

पत्त्यावर विसंबण्याची मर्यादा

यंत्र ओळखण्याची सर्वात सोपी खूण म्हणजे त्याचा आयपी पत्ता. बहुतेक सर्व नॅस पेट्यांत अमुक पत्त्यांनाच प्रवेश द्या, असे सांगण्याची सोय असते. खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घराघरांत आढळतात. व्यवस्थापक अनेकदा एकेक पत्ता लिहिण्याचा कंटाळा करून '१९२.१६८.१.०/२४' असा पट्टाच लिहून टाकतात. या चार अक्षरी आळसाचा अर्थ असा, की त्या पट्ट्यातील २५४ पैकी कोणताही पत्ता मिळवणारे यंत्र आत येऊ शकते. त्यात पाहुण्याचा मोबाइल येतो, भिंतीवरचा कॅमेरा येतो आणि स्वागतकक्षातील दूरचित्रवाणी संचही येतो.

एकेक पत्ता लिहिला तरी अडचण संपत नाही. पत्ते वाटण्याचे काम राउटर करतो आणि आज एका संगणकाला दिलेला पत्ता उद्या दुसऱ्याला देऊ शकतो. यावर उपाय म्हणजे राउटरमध्येच 'या यंत्राला नेहमी हाच पत्ता' अशी नोंद करून ठेवणे. ही नोंद न करता पेटीवर पत्त्यांची यादी लिहिणे म्हणजे भाडेकरू बदलत असलेल्या खोलीच्या क्रमांकावर पत्र पाठवत राहण्यासारखे आहे. त्यातच आयपीच्या सहाव्या आवृत्तीची भर पडली आहे. चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांची यादी काटेकोर लिहायची आणि सहाव्या आवृत्तीचे दार उघडेच राहू द्यायचे, हा प्रकार सर्रास आढळतो.

मग राउटर यंत्र ओळखतो कशावरून? मॅक पत्त्यावरून. नेटवर्क कार्डावर कोरलेला हा ४८ बिटांचा क्रमांक बारा अक्षरांत लिहिला जातो आणि त्याचा पहिला अर्धा भाग 'आयईईई' ही संस्था उत्पादकाला नेमून देते. क्रमांक कार्डावर कोरलेला असल्याने तो बदलता येत नाही, असा समज फार दृढ आहे. तो चुकीचा आहे. जवळजवळ प्रत्येक संगणकप्रणालीत हा क्रमांक एका आज्ञेने बदलून दुसऱ्या यंत्राचा धारण करता येतो, आणि दुसऱ्याचा क्रमांक कळण्यासाठी त्याच जाळ्यात थोडा वेळ कान देऊन बसणे पुरते. मॅक पत्ता राउटरच्या पलीकडे जातही नाही. त्यामुळे दुसऱ्या शाखेतून येणाऱ्या यंत्राची ओळख त्यावरून पटवता येत नाही.

अलीकडे या खुणेची उपयुक्तता आणखी घटली आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून मोबाइल फोन प्रत्येक वायफाय जाळ्याला खरा मॅक पत्ता न सांगता बनावट पत्ता सांगू लागले. हेतू चांगला होता. दुकानादुकानांतून फोनचा माग काढणाऱ्यांना आळा घालायचा होता. परंतु खोक्यावर छापलेला मॅक पत्ता यादीत लिहून निश्चिंत झालेल्या व्यवस्थापकाला साहेबांचाच फोन साठ्याबाहेर राहिल्याचे पाहावे लागले. कार्यालयाच्या वायफायपुरती ती सोय फोनमध्ये बंद करता येते.

एका रिकाम्या जागेची किंमत

युनिक्स आणि लिनक्सच्या जगात साठा वाटून घेण्याची प्रचलित पद्धत म्हणजे 'एनएफएस'. 'सन मायक्रोसिस्टिम्स' या कंपनीने ती १९८४ मध्ये विकसित केली. तिचा पाया समजून घेतल्याशिवाय यंत्रनिहाय नियंत्रणाचे महत्त्व ध्यानात येत नाही, कारण या पद्धतीत मूळ विश्वास माणसावर नसून यंत्रावरच ठेवलेला आहे.

नेहमीच्या मांडणीत एनएफएस सर्व्हर वापरकर्त्याचा पासवर्ड विचारतच नाही. समोरचे यंत्र सांगते, की 'ही मागणी १००१ क्रमांकाच्या वापरकर्त्याची आहे', आणि सर्व्हर ते खरे मानतो. संगणक खोलीएवढे मोठे आणि महाग होते, त्यांच्यावर एका जबाबदार व्यवस्थापकाचा ताबा असे, त्या काळात हा विश्वास वावगा नव्हता. आज ज्याच्या हातात स्वतःचा लॅपटॉप आहे, तो त्यावर १००१ क्रमांकाचा वापरकर्ता अर्ध्या मिनिटात तयार करू शकतो आणि त्या क्रमांकाच्या खऱ्या मालकाच्या फाइली वाचू शकतो. 'रूट', म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याने असे करू नये म्हणून 'रूट स्क्वॉश' नावाची तरतूद आहे. तिच्यामुळे दूरच्या यंत्रावरील रूटला सर्व्हर एक अनामिक, अधिकारहीन वापरकर्ता मानतो. लिनक्समध्ये ती आपोआप लागू असते. पण ती फक्त शून्य क्रमांकाच्या रूटला अडवते, १००१ चे सोंग घेणाऱ्याला नव्हे. दूरच्या यंत्राने मागणी १०२४ पेक्षा लहान क्रमांकाच्या पोर्टवरूनच पाठवावी, ही अटही त्याच जुन्या विश्वासाची खूण. असे पोर्ट केवळ रूटला उघडता येत. आता प्रत्येक जण आपल्या लॅपटॉपचा रूट आहे.

म्हणून एनएफएसमध्ये कोणत्या यंत्रांना साठा खुला आहे, ही यादीच खरी तटबंदी ठरते. लिनक्सवर ही यादी 'एक्स्पोर्ट्स' नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत असते. ओळीच्या आरंभी फोल्डरचे नाव, नंतर यंत्राचे नाव वा पत्ता, आणि त्याला चिकटून कंसात सवलती: केवळ वाचन की लेखनही, रूटला आडकाठी की मोकळीक. 'चिकटून' हा शब्द येथे शब्दशः घ्यायचा. यंत्राचे नाव आणि कंस यांच्यात चुकून एक रिकामी जागा पडली, तर ओळीचा अर्थ पार पालटतो. त्या यंत्राला नेहमीच्या, म्हणजे केवळ वाचनाच्या सवलती मिळतात आणि कंसातील लेखनाची सवलत उरलेल्या साऱ्या जगाला बहाल होते. संगणक कोणतीही चूक दाखवत नाही, कारण व्याकरणदृष्ट्या ती ओळ शुद्धच असते. चूक लक्षात येते ती बहुधा 'या संगणकावरून फाइल जतन होत नाही' अशी तक्रार आल्यावर. आणि तक्रार करणारा एकटा असतो, लाभार्थी अगणित.

यंत्राची ओळख पत्त्याऐवजी पक्क्या पुराव्याने पटवायची, तर 'केर्बेरॉस' ही पद्धत वापरावी लागते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या 'अथेना' प्रकल्पातून ती जन्मली. तिच्यात प्रत्येक यंत्राकडे आणि प्रत्येक माणसाकडे मध्यवर्ती सर्व्हरने दिलेले मुदतबंद तिकीट असते आणि ते दाखवल्याशिवाय साठ्याचे दार उघडत नाही. तिची उभारणी किचकट असल्याने लहान संस्था तिच्या वाटेला जात नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मानकाने एनएफएसच्या वाहतुकीला टीएलएसचे, म्हणजे बँकांची संकेतस्थळे वापरतात त्याच जातीचे, कवच देण्याची वाट मोकळी केली. त्यात यंत्राकडे प्रमाणपत्र मागता येते.

विंडोजचे जग आणि म्हातारे फोटोकॉपी यंत्र

विंडोजचे संगणक साठ्याशी 'एसएमबी' या पद्धतीने बोलतात. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक नॅस पेट्या हीच भाषा 'साम्बा' या आज्ञावलीद्वारे बोलतात. ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी तिचा आरंभ १९९२ मध्ये केला. साम्बात 'होस्ट्स अलाऊ' आणि 'होस्ट्स डिनाय' अशा दोन याद्या असतात. एकच यंत्र दोन्ही याद्यांत आले, तर परवानगीची यादी वरचढ ठरते. आणखी एक नियम अनेकांना चकवतो. ही यादी सर्वसाधारण विभागात लिहिली, तर ती प्रत्येक फोल्डरला लागू होते, मग त्या फोल्डरसाठी स्वतंत्र यादी वेगळी असली तरीही. 'पगारपत्रक' फोल्डर फक्त दोन संगणकांना खुले ठेवायचे असेल, तर सर्वसाधारण विभाग मोकळा ठेवून त्या फोल्डरच्याच विभागात यादी लिहावी लागते.

येथे म्हाताऱ्या यंत्रांचा प्रश्न उभा राहतो. कार्यालयात सर्वात जुने यंत्र बहुधा फोटोकॉपीचे असते. ते कागद स्कॅन करून थेट साठ्यातील फोल्डरमध्ये टाकते आणि त्यासाठी एसएमबीची पहिली आवृत्ती वापरते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर आज्ञावलीने हाहाकार माजवला, तो याच आवृत्तीतील त्रुटीच्या आधारे. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच दिली होती. ती ज्यांनी बसवली नव्हती ते सापडले. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीपासून ही जुनी बोली मुळातून बसवणे थांबले आणि २०१९ मध्ये साम्बानेही ती आपोआप चालू ठेवणे बंद केले. तरीही एका फोटोकॉपी यंत्राखातर संपूर्ण साठ्यावर जुनी बोली चालू ठेवणारी कार्यालये आहेत. त्याऐवजी स्कॅनसाठी निराळे, अन्य काहीही नसलेले फोल्डर दुसऱ्या लहानशा यंत्रावर ठेवून फोटोकॉपी यंत्राला केवळ तेथवरच जाऊ देणे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने प्रत्येक संदेशावर सही असण्याची सक्ती केली आणि व्यावसायिक आवृत्तीत पाहुणा म्हणून पासवर्डविना साठा उघडण्याची वाट बुजवली. अनेक जुन्या पेट्या त्यामुळे एका सकाळी 'दिसेनाशा' झाल्या. ती पेटीची बिघाडी नव्हती.

डिस्कच वाटली तर

सॅनमध्ये यंत्रनिहाय नियंत्रण ही केवळ सुरक्षेची बाब राहत नाही. ते नसेल तर कोणाच्याही दुष्ट हेतूशिवाय माहितीचा नाश होतो. नॅसमध्ये फाइली सांभाळणारी पेटी एकच असते आणि दोघांनी एकच फाइल उघडली तर ती मध्ये पडते. सॅनमध्ये पेटी फक्त कच्ची डिस्क देते. तोच तुकडा दोन सर्व्हरांना दिसला आणि दोघांनी तो आपलाच समजून त्यावर लिहायला सुरुवात केली, तर मध्ये पडणारे कोणी नसते. एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ यांसारख्या नेहमीच्या फाइलव्यवस्थांना दुसरा कोणी लिहीत असेल ही कल्पनाच ठाऊक नसते, आणि काही वेळातच डिस्कवरील रचनेचा चिखल होतो. विंडोज सर्व्हरला अनोळखी डिस्क दिसली की तिच्यावर आपली खूण लिहिण्याची सवय होती. त्या डिस्कवर प्रत्यक्षात युनिक्सच्या सर्व्हरची माहिती असेल, तर ती खूण त्या माहितीच्या उरावर बसे.

त्यामुळे सॅनमध्ये दोन चाळण्या लावल्या जातात. फायबर चॅनेलच्या जाळ्यात स्विचवर 'झोनिंग' केले जाते: कोणते कार्ड कोणत्या साठ्याशी बोलू शकेल हे ठरवणे. प्रत्येक कार्डाला ६४ बिटांचे जागतिक नाव असते आणि झोन त्यावर आधारता येतो, किंवा स्विचच्या भौतिक खाचेवर. नावावर आधारलेला झोन केबल दुसऱ्या खाचेत लावली तरी टिकतो. पण कार्ड जळून नवे बसवले की नाव बदलते आणि झोन दुरुस्त करावा लागतो. खाचेवर आधारलेल्या झोनचे नेमके उलट. दुसरी चाळणी साठवणाऱ्या पेटीवर असते, तिला 'लन मास्किंग' म्हणतात. पेटीतील डिस्कच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो आणि कोणत्या सर्व्हरला कोणते क्रमांक दिसतील हे येथे ठरते. बाकीचे त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात.

साध्या नेटवर्कवरून डिस्क देण्याची 'आयस्कझी' ही पद्धत एप्रिल २००४ मध्ये मानक म्हणून मान्य झाली आणि सॅन स्वस्त झाले. तिच्यात सर्व्हरला 'आयक्यूएन' ने सुरू होणारे लांबलचक नाव असते. त्यात वर्ष, महिना आणि संस्थेच्या संकेतस्थळाचे उलटे नाव गुंफलेले असते. पेटी या नावावरून परवानगी देते. हे नाव लिनक्समध्ये एका मजकूर-फाइलीत लिहिलेले असते आणि कोणीही व्यवस्थापक ते बदलू शकतो, म्हणजे ते नाव आहे, पुरावा नव्हे. पुराव्यासाठी 'चॅप' ही गुप्तशब्दाची देवाणघेवाण सोबत लावावी लागते. हल्ली सर्व्हरची हुबेहूब प्रत काढून दुसरा आभासी सर्व्हर उभा करणे क्षणाचे काम झाले आहे. त्या प्रतीबरोबर आयक्यूएनचीही प्रत निघते. दोन सर्व्हर एकाच नावाने एकाच डिस्कवर हक्क सांगू लागतात, आणि वर वर्णिलेला चिखल कोणाचाही दोष नसताना होतो. प्रत सुरू करण्यापूर्वी तिचे नाव बदलणे, हा यावरचा एका ओळीचा इलाज आहे.

भिंतीतली खाच

साठ्यावर यादी लिहिण्याआधी परके यंत्र जाळ्यातच येऊ नये, ही त्याच्या अलीकडची पायरी. २००१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले '८०२.१ एक्स' हे मानक यासाठीच आहे. भिंतीतील खाचेत तार लावली की स्विच त्या यंत्राला प्रमाणपत्र विचारतो आणि ते मिळेपर्यंत खाच मुकी राहते. फोटोकॉपी यंत्रे आणि कॅमेरे यांना बहुधा प्रमाणपत्र दाखवता येत नाही. त्यांच्यासाठी मॅक पत्त्याचाच आधार घेतला जातो, आणि आत शिरू पाहणारा माणूस म्हणूनच प्रथम प्रिंटरची तार उपसतो. अशा यंत्रांना वेगळ्या आभासी जाळ्यात, म्हणजे व्हीलॅनमध्ये, ठेवून तेथून साठ्याकडे जाणारी वाट अडवणे आवश्यक ठरते.

जाळ्याची अशी विभागणी नसल्यास काय होते, याचे मोठे उदाहरण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नोव्हेंबर २०२२ मध्ये घडले. २३ नोव्हेंबरला तेथील सर्व्हर हल्ल्यात सापडले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंतची कामे अनेक दिवस कागदावर करावी लागली. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरात जाळ्याची अयोग्य विभागणी हे कारण नमूद केले. रुग्णालयांत ही विभागणी अवघड असते, हेही खरे. सीटी स्कॅन वा एमआरआयची यंत्रे आपल्या प्रतिमा 'डायकॉम' या पद्धतीने साठ्याकडे पाठवतात. यंत्र आपले जास्तीत जास्त सोळा अक्षरी नाव सांगते आणि साठा ते यादीत आहे का एवढेच पाहतो. हे नाव गुप्त नसते. अनेकदा ते यंत्राच्या बनावटीवरूनच ओळखता येते.

घराबाहेरची वाट

लहान नॅस पेट्यांवरील बहुतेक हल्ले मात्र भिंतीतील खाचेतून नव्हे, तर इंटरनेटवरून थेट झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये 'सिनॉलॉजी' च्या पेट्यांना 'सायनोलॉकर' ने ग्रासले. एप्रिल २०२१ मध्ये 'क्यूनॅप' च्या पेट्यांतील फाइली 'क्यूलॉकर' ने पासवर्डबंद गठ्ठ्यांत बांधून ०.०१ बिटकॉइन मागितले. जानेवारी २०२२ पासून 'डेडबोल्ट' ने ०.०३ बिटकॉइनची मागणी सुरू केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी या टोळीला युक्तीने फसवून दीडशेहून अधिक किल्ल्या मिळवल्या. पैसे पाठवायचे, किल्ली हाती येताच व्यवहार पूर्ण होण्याआधीच तो मागे घ्यायचा, अशी ती युक्ती होती. एप्रिल २०२४ मध्ये 'डी-लिंक' च्या जुन्या पेट्यांत कारखान्यातच पेरलेले एक खाते उघडकीस आले; त्या पेट्यांचे आयुष्य संपले असल्याने दुरुस्ती मिळणार नाही, नवी पेटी घ्या, असे कंपनीने सांगितले.

या पेट्या इंटरनेटवरून दिसतातच का? अनेकदा मालकाला न विचारता. राउटरमधील 'यूपीएनपी' ही सोय पेटीच्या विनंतीवरून बाहेरचे दार आपोआप उघडून देते. ती बंद करणे आणि एसएमबीचे ४४५, एनएफएसचे २०४९ व आयस्कझीचे ३२६० हे पोर्ट बाहेरून बंद असल्याची खात्री करणे, ही पहिली कामगिरी. बाहेरून खरोखरच काम करायचे असेल, तर आधी व्हीपीएनने जाळ्यात यावे आणि मग साठ्यापाशी. यात २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेली 'वायरगार्ड' ही पद्धत या विषयाच्या दृष्टीने विशेष उपयोगाची आहे, कारण तिच्यात प्रत्येक यंत्राला स्वतःची किल्ली असते. लॅपटॉप हरवला, तर तेवढी एक किल्ली यादीतून काढली की काम भागते. कार्यालयातील सर्वांचा पासवर्ड बदलण्याची वेळ येत नाही.

कायदा आणि नोंदवही

मालकाच्या परवानगीविना त्याच्या संगणकात वा जाळ्यात प्रवेश करणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली नुकसानभरपाईस पात्र आहे आणि ते अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास वा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु जबाबदारी आता साठ्याच्या मालकावरही आली आहे. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. रुग्णांचे अहवाल वा अशिलांची विवरणपत्रे साठवणाऱ्यांनी हे ध्यानात घेणे इष्ट.

पेटीतील नोंदी चालू असतील तरच 'कोणते यंत्र केव्हा आत आले' हे नंतर सांगता येते. अनेक पेट्यांत जोडणीच्या नोंदी चालू असतात, पण फाइलींच्या नोंदी मुद्दाम चालू कराव्या लागतात. आणि पेटीचे घड्याळ चुकलेले असेल, तर त्या नोंदी तपासात कुचकामी ठरतात.

प्रत्यक्ष यादी लिहिताना क्रम महत्त्वाचा. बहुतेक पेट्यांच्या फायरवॉलमध्ये नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळणारा नियम लागू होतो. 'सर्वांना मनाई' ही ओळ आधी लिहिली, तर ती लिहिणाऱ्याचाच संगणक बाहेर राहतो. म्हणून आधी व्यवस्थापकाच्या यंत्राला परवानगी, मग कार्यालयातील यंत्रांना एकेक करून, मग प्रतिलिपी घेणाऱ्या दुसऱ्या पेटीला, आणि सर्वात शेवटी मनाई. या दुसऱ्या पेटीबाबत एक उलटा नियम पाळला जातो. मुख्य पेटीने तिच्याकडे माहिती ढकलायची नाही. दुसऱ्या पेटीनेच येऊन ती ओढून न्यायची. असे केल्यास मुख्य पेटी शत्रूच्या हाती गेली, तरी तिच्याकडून दुसरीचे दार उघडत नाही. यादीत यंत्राच्या पत्त्याशेजारी ते कोणाचे आणि केव्हा जोडले हेही लिहिलेले असावे. कार्यालयाने जुना संगणक विकला वा कर्मचारी लॅपटॉपसह निघून गेला, तर कोणती ओळ खोडायची हे त्याशिवाय कळत नाही, आणि न खोडलेल्या ओळीचा पत्ता पुढे राउटर नव्या पाहुण्याला देऊन मोकळा होतो.